सायकलची वाट आणि सायकल लावायची जागा: यासाठी कोणी धडपड केलीय का? अनुभव लिहा

सावकाश

आज सकाळी स्टेशनच्या मागच्या बाजूने चालत येत होते तर एक सातआठ वर्षांची मुलगी आपली सायकल स्टँडच्या कमानीला लावताना दिसली. कुलूप तिच्या हातात मावत नव्हतं. आधी नुसतं चाकातून घातलं, मग काहीतरी आठवल्यासारखं परत काढलं आणि नळी, चाक, कमान असं तिन्हीतून ओवून खट्कन लावलं. किल्ली गळ्यातल्या दोरीला. आणि पळाली.

मी तिथेच उभी राहिले. कारण त्या कमानी तिथे याव्यात म्हणून आम्ही सहा जण दोन वर्षं पत्रं लिहीत होतो. पहिलं उत्तर आलं होतं की इथे सायकली येतातच कुठे. म्हणून मग आम्ही मोजायला लागलो. चार दिवस सकाळी सात ते दहा, चार कोपऱ्यांवर एकेक जण, हातात वही, पाचापाचाच्या रेघा. जाणाऱ्या सायकली वेगळ्या आणि कठड्याला, खांबाला, झाडाला बांधलेल्या वेगळ्या. एकाच कठड्याला तेवीस सायकली बांधलेल्या होत्या, त्याचा फोटो जोडला. त्या फोटोने जे काम केलं ते आधीच्या अकरा पत्रांनी केलं नव्हतं.

आणि मंजूर झाल्यावरचा किस्सा तर सांगायलाच हवा. कमानी आल्या, बसवल्या, आम्ही आनंदाने बघायला गेलो तर भिंतीपासून वीतभर अंतरावर, भिंतीला समांतर! हॅन्डल भिंतीला थडकतंय, सायकल आत जाणार कशी? बसवणाऱ्याचा दोष नाही, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आमच्यातल्या एका काकांनी दुसऱ्या दिवशी स्वतःची सायकल तिथे नेऊन अधिकाऱ्यांसमोर लावून दाखवायचा प्रयत्न केला. तीन मिनिटं सगळे गप्प बघत होते. महिन्याभरात सगळ्या उखडून मीटरमीटरच्या अंतराने नीट बसल्या.

ते काका आता नाहीत. आज ती मुलगी बघून त्यांची फार आठवण आली. तुमच्याकडेही असे अनुभव असतील, मोठे लहान कसेही, लिहा ना.

रानवाट

अगदी अगदी. फक्त पुढचं चाक खोचायचे स्टँड असतात ना, ते लावून दिले की काम झालं असं वाटतं लोकांना. माझी सायकल वाऱ्याने पडली, चाक मात्र स्टँडातच अडकून राहिलं, रिमचा पार आठ झाला आणि पाच आरे गेले. चोरालाही सोपं, चाक तिथेच ठेवून बाकीची सायकल घेऊन जा. उलट्या यू ची साधी नळी जमिनीत घट्ट रोवलेली, दोन्ही बाजूंना एकेक सायकल, फ्रेम टेकते, फ्रेम आणि चाक दोन्हीला कुलूप लागतं. याला शेफील्ड स्टँड म्हणतात, इंग्लंडातल्या त्या शहराचं नाव. यात बिघडण्यासारखं काही नाहीच म्हणून तर टिकतं.

आम्ही आता कुठेही नवीन स्टँड होणार म्हटलं की आधी नमुना चित्र देऊन येतो. अंतरं लिहून.

घंटी

वाचतेय. माझ्याकडे मोठी गोष्ट आहे पण पाऊस आला, कपडे आत घेते आधी.

मधली सुट्टी

शाळेच्या वाटेचं लिहिते. आमच्याकडे ट्रॅक झाला, चांगला रुंद, मध्ये दगडी कठडा घालून गाड्यांपासून वेगळा केलेला, पहिल्या दिवशी रडू यायचं बाकी होतं. पण पुलाच्या तोंडाशी चाळीस मीटर नाहीच. इकडचा ट्रॅक संपतो, पुलापलीकडे परत सुरू होतो, मधल्या जागेत ट्रक वळतात. झालं. त्या चाळीस मीटरमुळे एकही आई मुलाला एकटं पाठवेना. नकाशावर बघितलं तर नव्वद टक्के काम झालेलं दिसतं, आणि मुलांच्या हिशोबाने शून्य झालंय. मी बैठकीत हेच म्हटलं की शिडीच्या मधल्या तीन पायऱ्या नसतील तर बाकीच्या सोन्याच्या असून काय उपयोग.

मग आम्ही पाच आया आळीपाळीने रोज सकाळी त्या जागेवर उभ्या राहायला लागलो, मुलांना पायी सायकल ढकलत नेऊन पलीकडे सोडायचं. एक आख्खं सत्र. अधिकारी बाईंना एकदा बोलावलं, त्या आल्या, आल्या म्हणजे खरंच सायकल घेऊन आल्या! ट्रक वळताना त्यांनी माझा दंड धरला होता. त्यानंतर फाइल हलली. आता तिथे कोपऱ्यावर उंचवटा केलाय, गाडीला वळायचं तर वेग कमी करावाच लागतो आणि वळताना सायकलवाला समोर दिसतो. दोनतीन वर्षं झाली. आता आम्हाला तिथे उभं राहावं लागत नाही, पण सवयीने मी अजून बघून येते.

उलटा वारा

नेहमी असंच का होतं कळत नाही. जिथे जागा ऐसपैस तिथे ट्रॅक करतात आणि चौक आला की सोडून देतात, आणि अपघात तर चौकातच जास्त. मधली सुट्टी, तुमच्या पाचही जणींना नमस्कार सांगा.

माझा अनुभव गटाराच्या जाळीचा. जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने होत्या, पातळ टायर सरळ फटीत गेला, मी हॅन्डलवरून पुढे. मनगट मोडलं. प्लॅस्टरमध्ये असताना काही काम नाही म्हणून मुलाला घेऊन रोज संध्याकाळी जाळ्या बघत फिरायचो. पट्ट्या आडव्या असतील तर बरोबर, उभ्या असतील तर तो खडूने भोवती गोल काढायचा आणि वहीत खांबाचा नंबर लिहायचा. एकतीस निघाल्या. यादी नेऊन दिली तर तिथला एक साधा कर्मचारी म्हणाला की साहेब, यातल्या बऱ्याच चौकोनी आहेत, नुसत्या उचलून फिरवून ठेवल्या की झालं. आणि केलंच त्याने! दोन आठवड्यांत चोवीस फिरवल्या. खर्च काही नाही. उरलेल्या सातांसाठी मात्र दीड वर्ष गेलं.

मुलगा अजून कुठेही जाळी दिसली की आधी पट्ट्या बघतो.

सावकाश

उलटा वारा, हे फारच सुंदर आहे. खडूचं गोल डोळ्यांपुढे आलं. मनगट आता कसंय?

उलटा वारा

थंडीत दुखतं जरा. बाकी ठीक.

दूरदेशी

मी कामानिमित्त नेदरलँड्सला राहतो. सगळे म्हणतात इथलं आपलं वेगळं, यांना पहिल्यापासून सवय. नाही हो. १९५० आणि ६० च्या दशकात इथेही गाड्यांसाठी रस्ते रुंद करत होते, सायकली कमी होत चालल्या होत्या. १९७१ साली रस्त्यांवर ३३०० च्या आसपास माणसं गेली त्यात चारशेहून जास्त लहान मुलं. एका पत्रकाराची मुलगी गेली, त्याने जो लेख लिहिला त्याचं शीर्षकच मुलांची हत्या थांबवा असं होतं, तेच चळवळीचं नाव झालं. आईबाप आणि मुलं रस्त्यावर आडवी झाली. मग १९७३ चं तेलसंकट आलं, रविवारी गाड्या बंद ठेवल्या तेव्हा लोकांना आपले रस्ते मोकळे कसे दिसतात ते कळलं. १९७५ ला सायकलवाल्यांची संघटना निघाली, ती अजून आहे, अजून भांडते.

उत्रेख्तला स्टेशनखाली साडेबारा हजार सायकलींचं पार्किंग आहे, तीन मजली, २०१९ ला पूर्ण उघडलं. सायकलवरून न उतरता आत जाता येतं, कुठल्या रांगेत जागा आहे ते पाटीवर दिसतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा नुसता फिरत राहिलो होतो. हे कोणी यांना आपणहून दिलेलं नाही एवढंच सांगायचंय.

मी पलीकडचा

मी दुकानदार. आमच्या रस्त्यावर गाड्यांच्या दोन जागा काढून सायकल स्टँड करायचं ठरलं तेव्हा विरोधाच्या पत्रावर माझी सही पहिली होती, हे इथे लिहायला हवं. वाटलं गिऱ्हाईक तुटणार. एक कॉलेजची मुलगी आली आमच्याकडे, वाद घातला नाही, म्हणाली काका आठ दिवस तुम्हीच टिपून ठेवा कोण कसं आलं. ठेवलं. निम्म्याहून जास्त लोक पायी नाहीतर सायकलने येत होते, मी इतकी वर्षं गल्ल्यावर बसून कधी बघितलंच नव्हतं, कारण गाडी दारात दिसते आणि पायी आलेला माणूस सरळ आत येतो. एका गाडीच्या जागेत दहाएक सायकली राहतात. सही मागे घेतली. आता त्या स्टँडसमोरची जागा सकाळी मीच झाडतो. त्या मुलीचं लग्न होऊन ती गेली दुसरीकडे, हे वाचत असेल तर तिला कळावं.

रानवाट

काका, मनापासून आभार. अशी सही मागे घ्यायला मन मोठं लागतं.

नवखी

सावकाश ताई, मोजणी कशी करायची जरा नीट सांगाल का? आम्ही तिघीच आहोत. आणि अवांतर: गुडघा दुखतो सायकल चालवून, कोणाला काही माहितीय का?

घंटी

सीट खाली असेल गं. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा जरासाच वाकलेला राहायला हवा. बहुतेक बायका पाय टेकावेत म्हणून सीट खाली ठेवतात आणि मग गुडघे जातात. बोटभर बोटभर वर कर, एकदम नको.

नवखी

आत्ताच बघितलं, खरंच फार खाली आहे! पाना शोधते.

सावकाश

तिघी पुरे आहेत. एकच जागा धरा, दोन तास, साधा कामाचा दिवस, सुट्टीचा नको. बायका, मुलं आणि म्हातारी माणसं यांच्या वेगळ्या रेघा ओढाच. आम्हाला हे उशिरा सुचलं. जिथे वाट सुरक्षित नाही तिथे धडधाकट पुरुषच दिसतात, बायका आणि मुलं दिसायला लागली की समजायचं रस्ता खरा सुधारला. नुसता आकडा हे सांगत नाही. आणि तीच मोजणी काम झाल्यावर त्याच महिन्यात परत करा, म्हणजे पुढच्या रस्त्यासाठी हातात काहीतरी राहतं.

शांत गल्ली

मी एरवी लिहीत नाही. माझा भाऊ सायकलवर गेला. मागून धडक. त्या रस्त्याला कडेला पांढरी रेघ होती तेवढीच. त्याच्या मित्रांनी एक जुनी सायकल पूर्ण पांढरी रंगवून, चाकं, चेन, सीटसुद्धा, त्या खांबाला बांधली. अशी पद्धत अमेरिकेत सेंट लुइसला २००३ मध्ये सुरू झाली असं त्यांनी सांगितलं. आई आधी त्या रस्त्याने जायची नाही, आता आठवड्याला जाऊन पुसून येते. रेघेने काही अडत नाही, तिथे खांब हवेत नाहीतर कठडा हवा, एवढं एकच मागणं घेऊन आम्ही जातो. अजून झालेलं नाही.

मधली सुट्टी

काय लिहू कळत नाही. आईंना नमस्कार. पत्रावर सह्या हव्या असतील तर सांगा, आम्ही पाचही जणी देऊ.

उलटा वारा

माझीही. आणि खांबांमधलं अंतर, उंची वगैरे कागदावर काढून हवं असेल तर मी करून देतो, तेच काम आहे माझं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

शांत गल्ली

करते. थँक्यू दादा.

दूरदेशी

एकेका रस्त्यासाठी भांडताना दम जातो हे खरंय. स्पेनमधल्या सेव्हियाने २००६ पासून थोड्याच वर्षांत शंभराहून जास्त किलोमीटरचं जाळं एकदम केलं, एकमेकांना जोडलेलं, कठडा घातलेलं, आणि जिथे आधी कोणी सायकल चालवत नव्हतं तिथे रस्ते भरले. मधली सुट्टींच्या चाळीस मीटरसारख्या फटी ठेवल्या नाहीत म्हणून.

घंटी

आले. आमचं छोटंच आहे पण. आम्ही नवीन स्टँडशेजारी हवा भरायचा उभा पंप बसवून घेतला. कायम नळीच गायब. तिसऱ्यांदा गेली तेव्हा गटातले निम्मे म्हणाले काढून टाका, लोकांची लायकी नाही. मला ते पटेना. बाजूच्या इमारतीच्या वॉचमन दादांना विचारलं तर म्हणाले ताई, चोरत कोणी नाही, पोरं जोरात ओढतात, तोंडाशी फाटते, मग मीच काढून ठेवतो म्हणजे कोणाला लागायला नको. तिन्ही नळ्या त्यांच्या खोलीत खिळ्याला टांगलेल्या! फाटलेलं टोक कापून, नवा क्लॅम्प आवळून आम्ही दोघांनी एक लावली, नळी वीतभर तोकडी झाली पण मागचं चाकही फुगतं. उरलेल्या दोन तयार करून तिथेच ठेवल्यात. आता फाटली की दादाच बदलतात आणि मला फोन करतात, ताई एक संपली.

नवखी

पाना मिळाला. दोन बोटं वर केली. उद्या सकाळी सात ते नऊ शाळेच्या कोपऱ्यावर उभ्या राहतोय आम्ही तिघी, वही आखून ठेवलीय. पाऊस असला तरी मोजायचं का?

सावकाश

मोजा. वर तारीख घाल आणि पाऊस होता असं लिहून ठेव.