घरांच्या आधी गटारं
तेलाच्या तेजीनं एखादं गाव अचानक फुगलं तर तिथल्या घरांचं काय करायचं, या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, "मागणी वाढली की बिल्डर धावत येतात, घरं आपोआप होतात". ते अर्धंच पटतं. बिल्डर येतात हो, पण गटाराची लाइन टाकायला कोण येतं? अमेरिकेतलं नॉर्थ डकोटाचं विलिस्टन घ्या. २०१० च्या जनगणनेत १४,७१६ माणसं, २०२० ला २९,१६०. तेलाच्या तेजीत लोक ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरांत, नाहीतर पार्किंगात गाडी लावून तिच्यातच झोपायचे. जागेला तोटा नव्हता, चहूकडे माळरान. अडलं ते पाणी आणि सांडपाण्यावर. पालिकेनं कर्ज काढून ती कामं केली आणि २०१४ च्या उत्तरार्धात तेलाचे भाव गडगडले. हप्ते थोडेच थांबतात!

आणि ज्यांचा पगार तेलाबरोबर चढत नाही ते? शिक्षक, नर्सा, दुकानात काउंटरवर उभी असलेली पोरं. भाडं त्यांनाही तेलविहिरीवरच्या रिगवाल्याच्याच हिशेबानं. त्या पट्ट्यात शाळांना शिक्षकांसाठी स्वतःच घरांची सोय करावी लागली. म्हणून कायमची परवडणारी घरं आधी या मंडळींसाठी राखावीत. कामगारांच्या तात्पुरत्या कॅम्पांना या चर्चेत सगळे नावं ठेवताहेत, पण मुदत घालून दिली तर मला ते चालतील. तेजी ओसरली की कॅम्प उचलून नेता येतो, पाच मजली रिकामी इमारत नाही.