पोरांचे कपडे, उन्हाळी लागणं आणि मुतखडा : खान्देशकरांनो, अनुभव लिहा

तापीकाठी
भुसावळला एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या वर जातो आणि आपल्या तिन्ही जिल्ह्यांत घरोघरी कोणाला ना कोणाला उन्हाळी लागलेली असते, जळजळ, थेंब थेंब लघवी, ओटीपोटात कळ. मोठ्यांचं बोललं जातं, पण लहान पोरांचं, त्यातून मुलग्यांचं कोणी काढत नाही, हा त्रास बायकांचाच असं सगळ्यांनी धरून चाललेलं असतं. माझ्या पुतण्याला झालं तेव्हा डॉक्टरांनी औषध लिहायच्या आधी त्याचे कपडे बघितले. जाड जीन्स, आवळलेला बेल्ट, आत नायलॉनची चड्डी. तिथून हा धागा डोक्यात आला. कपडे, घरचे उपाय, दवाखाना, जे आपल्या घरात घडलं ते लिहा. डॉक्टर-दवाखान्यांची नावं नकोत.

धुळेकर_आई
माझा मुलगा पहिलीत. शाळेतून आला की दप्तर टाकून थेट मोरीत पळायचा आणि तोवर अर्धी चड्डी ओली. घरात सगळे रागवायचे त्याला. मग एकदा ताप आला, सर्दी नाही खोकला नाही, नुसता ताप आणि पोट दुखतंय म्हणायचा. डॉक्टरांनी अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी लघवीचं कल्चर (लघवीत जंतू वाढतात का ती तपासणी) करून घेतलं, इन्फेक्शन निघालं, सोनोग्राफी पण केली, मुलग्यांमध्ये इन्फेक्शन निघालं तर बघून घेतात म्हणाले. मग त्याला जवळ घेऊन विचारलं तेव्हा कळलं की युनिफॉर्मच्या पँटचा हुक त्याला उघडताच येत नाही, बेल्ट तर नाहीच, बाईंना सांगायची लाज वाटते म्हणून दिवसभर धरून ठेवतो, आणि लघवीला जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाही, बाटली भरलेली परत यायची. त्याला शी पण कडक व्हायची, डॉक्टर म्हणे आतडं भरलेलं असलं की मूत्राशयावर दाब येतो, दोन्हीचा इलाज बरोबर करावा लागतो. आता इलास्टिकची पँट, शाळेत लेखी अर्ज देऊन परवानगी घेतली, आणि दर दोन-तीन तासांनी जायचंच, लागलेली असो नसो. जेवणात पपई आणि पालेभाजी. बरा आहे आता.

अमळनेरचा_टेलर
ताई तुमचं वाचून लिहितोय. आमचं दुकान वडिलांपासून, शाळेचे ड्रेस शिवतो. माझं म्हणणं असं की चौथीपर्यंतच्या पोराला हुक-बेल्ट देऊच नये. पुढून दिसायला पट्टा साधा ठेवतो आणि मागून इलास्टिक टाकतो, शाळेवाले पण काही म्हणत नाहीत. दुसरं म्हणजे आसन, म्हणजे पँटचा कमरेपासून जांघेपर्यंतचा भाग. आसन कमी ठेवलं की पँट फिट दिसते पण पोरगं बसलं की तिथंच काचते, घाम साचतो, लाल होतं, मग जळजळ. आसनात दीड-दोन बोटं जास्त धरा. टेरिकॉट टिकतं हे खरं पण उन्हाळ्यात आतून सुती चड्डी पाहिजेच, नाड्याची पट्ट्यापट्ट्याची चड्डी आजकाल कोणी शिवून घेत नाही, मी माझ्या पोराला अजून तीच घालतो.
आणि चेन लावायचीच असेल तर आतून कापडाची पट्टी लावून मागा. टेलर कंटाळा करतात, तुम्ही सोडू नका.

गिरणाथडी_चाळीसगाव
चेनचा विषय निघाला म्हणून. लग्नाच्या गर्दीत भाच्याची कातडी चेनमध्ये अडकली, नवी जीन्स, आत काही घातलेलं नाही. पोरगं असं किंचाळलं की मांडवातले सगळे धावले, जो तो चेन खाली ओढा म्हणायला लागला. आमच्या मोठ्या मामांनी कोणालाच हात लावू दिला नाही, खोबरेल तेल सोडलं आणि पँटचं कापड भोवतीनं कापून तसंच गाडीत घातलं. दवाखान्यात डॉक्टरांनी चेनच्या खटक्याचा (वरखाली सरकतो तो तुकडा) पुढचा आणि मागचा पत्रा जोडणारा जो मधला दांडा असतो तो कटरनं तोडला, दोन्ही बाजू आपोआप सुटल्या. ओढली असती तर फाटलं असतं. लहान पोरांना चेनच्या आत चड्डी घालाच.

नंदुरबारची_माहेरवाशीण
मला लंगोटाबद्दल लिहायचंय. बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा डायपरचे पुडे घेऊन आले होते, पण आमच्या मोठ्या मायने घरात डायपर लावूच दिलं नाही. जुन्या धोतराचे मऊ लंगोट, वर मलमलचं झबलं, दुपारी तर बाळ उघडंच. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तीच म्हणाली, याची धार पडत नाही गं, नुसतं थेंब थेंब गळतं, आणि लघवी करताना पोर जोर लावून लाल होतं. डायपरमध्ये मला हे दिसलंच नसतं, ओलं झालं एवढंच कळलं असतं. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या फुगलेल्या निघाल्या. मूत्रमार्गात पडदा होता, हा फक्त मुलग्यांनाच जन्मतः असतो म्हणे. दुर्बिणीनं काढला. अजून फॉलोअप चालू आहे, तब्येत चांगली आहे. मुलगा झालाय त्या प्रत्येक आईला माझं कळकळीचं सांगणं, बाळाची धार बघा. प्रवासात डायपर लावा, माझं काही म्हणणं नाही, पण दिवसातून थोडा वेळ तरी मोकळं ठेवा.
अजून एक. मालिश करणारी बाई पुढची कातडी मागे ओढायची, ते बंद करायला सांगितलं डॉक्टरांनी. लहानपणी ती चिकटलेलीच असते, वय वाढतं तशी आपोआप सुटते. जोरानं ओढलं तर व्रण होऊन खरंच घट्ट होते.

सातपुड्याचा_पायथा (यावल)
आमच्याकडे पळसाची फुलं होळीच्या सुमारास गोळा करून सावलीत वाळवतात. उन्हाळी लागली की ती गरम पाण्यात उकळून कोमट झाल्यावर ओटीपोटावर ठेवायची, पोराला त्या पाण्यानं अंघोळ. प्यायला धन्याचं गाळलेलं पाणी, वाळा घातलेलं माठातलं पाणी, सब्जा. नुसती उष्णता असेल तर एका दिवसात बरं वाटतं, पाणीच कमी पडलेलं असतं. ताप असेल, लाल लघवी असेल, सकाळपासून झालीच नसेल तर मात्र फुलंबिलं बाजूला ठेवून गाडी काढतो. मेडिकलमधून जळजळीचं सिरप आणतात लोक, त्यानं आग कमी होते, आतलं इन्फेक्शन नाही मरत.

केळीवाला_रावेर
मुतखड्याचं मी लिहितो. दिवसभर बागेत, घाम इतका की लघवी सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, तीही हळदीसारखी पिवळी. पाठीतून जांघेपर्यंत कळ आली, उलट्या झाल्या, जमिनीवर लोळलो. खडा 5 मिमीच्या आतला होता, डॉक्टर म्हणाले एवढे बहुतेक आपणहून पडतात, 10 च्या वर गेले की कठीण. गावात जो तो उपाय सांगतो. केळीच्या खांबाचा रस आमच्या घरचाच, तो प्यायलो, हुलग्याचं कढण प्यायलो, पानफुटीची पानं चावली, सराट्याचा काढा घेतला. खडा पडला. कशानं पडला ते मी छातीठोक सांगणार नाही, गोळ्या पण चालू होत्या आणि पाणी तर खूपच वाढवलं होतं. डॉक्टरांनी एकच माप दिलं, किती पाणी पिलं ते मोजू नको, दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी झाली पाहिजे आणि ती पाण्यासारखी दिसली पाहिजे. लिंबूपाणी चांगलं, मीठ कमी. दूध बंद करू नको म्हणाले, मी बंद करून बसलो असतो. बिअरचं मित्र सांगतात ते ऐकू नका रे भो.
माझ्या साडूला मोठा खडा होता, दुर्बिणीनं काढून आत स्टेंट (लघवीची वाट मोकळी ठेवणारी नळी) टाकला. तो स्टेंट ठरलेल्या तारखेला काढायचाच असतो, दुखत नाही म्हणून लोक जातच नाहीत आणि त्याच्यावरच खडे चढतात. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पाचोरा_लेक
केळीवाले दादा, एक जोडते. माझ्या पप्पांचं रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं आहे, म्हणजे किडनी कमजोर आहे. त्यांना कोणीतरी प्रेमानं खांबाचा रस आणि रोज नारळपाणी सुरू करून दिलं, पोटॅशियम इतकं वाढलं की ॲडमिट करावं लागलं. मुतखड्याला चालतं ते किडनी कमजोर असलेल्याला चालत नाही. पाणी सुद्धा त्यांना मोजून आहे. आणि गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून परस्पर पेनकिलर आणायच्या, त्या पण किडनीला वाईट. घरात बीपी-शुगरवालं कोणी असेल तर काढा देण्याआधी क्रिएटिनिन करून घ्या.

तापीकाठी
सगळ्यांचे आभार. टेलर दादा, पुतण्याच्या दोन पँटी आसन वाढवून शिवायच्या आहेत, जूनच्या आधी मिळतील का?

अमळनेरचा_टेलर
मे मध्येच कापड आणा, जूनमध्ये गर्दी असते. पोराला सोबत आणा, खाली बसवून माप घेतो.