पावसाळ्यात सिगारची प्रत कशी ओळखायची?

डिचोलीकर_८१
नमस्कार मंडळी. मामा बोटीवर असतो, गेल्या आठवड्यात सुट्टीवर आला तेव्हा हँडमेड सिगारचा बॉक्स दिला, डॉमिनिकन रिपब्लिकच्या आहेत, रोबुस्टो म्हणजे आखूड-जाड साईझ. मी कधीमधी ओढणारा. काल एक पेटवली तर झुरका नीट येईना, एकाच बाजूने जळत गेली आणि अर्ध्यावर कडू झाली. मामा म्हणतो माल चांगला आहे, महागाचा आहे. मग दोष सिगारचा, माझ्या हाताचा की या पावसाचा? चांगली सिगार कशावरून ओळखायची? राख पांढरी पडली की भारी असं एकजण म्हणाला, ते खरं का?

कुळागर_फोंडा
भाऊ, आधी सांगा बॉक्स ठेवलाय कुठे. कपाटात असेल तर उत्तर तिथेच आहे. जुलैत आपल्याकडे हवेत ८५-९० टक्के दमटपणा असतो, सिगारला लागतो ६५ ते ७०. ओल धरली की पान फुगतं, झुरका अडतो, मग माणूस जोर लावून ओढतो, त्याने ती तापते आणि कडू होते. तुमची सगळी लक्षणं यात बसतात, त्यामुळे या अवस्थेत तिच्या प्रतीबद्दल काहीच ठरवू नका, मामांच्या मालावर तो अन्याय होईल.
घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, आत ६५ टक्केवाला ह्युमिडिटी पाऊच (दमटपणा ६५ वर धरून ठेवणारी पुडी) टाका आणि दोन-तीन आठवडे विसरून जा. फ्रीजमध्ये ठेवू नका, तिथे ती सुकते आणि शेजारच्या सुंगटांचा वास धरते. डब्यात छोटा हायग्रोमीटर (दमटपणा मोजणारा मीटर) ठेवणार असाल तर आधी तपासून घ्या: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंबभर पाण्याने चिखलासारखं भिजवायचं, मीटरसोबत झिपलॉक पिशवीत बंद करून रात्रभर ठेवायचं. सकाळी ७५ दाखवला तर मीटर बरोबर.

मांडवीकाठ
ठेवण्याचं वर आलंच आहे, मी पारखण्याचं सांगतो.
बरंचसं पेटवायच्या आधीच कळतं. अंगठा आणि दोन बोटांत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हलकेच दाबत जा. सगळीकडे सारखी लागली पाहिजे, थोडी दबून परत वर येणारी. मध्येच मऊ लागली तर तिथे भरण कमी आहे, भसाभस जळणार, गाठ लागली तर तिथे झुरका अडणार. रॅपर, म्हणजे सगळ्यात बाहेरचं पान, उजेडात बघा, शिरा बारीक, रंग एकसारखा, किंचित तेलकट चमक. पेटवायच्या टोकाकडून आत अख्खी पानं घडी घातलेली दिसली तर लाँग फिलर, नुसता चुरा दिसला तर महागाच्या भावाला तो माल लायक नाही.
टोपी, म्हणजे तोंडात धरायचं बंद टोक, दीड-दोन मिलिमीटरच कापायची, जास्त कापली की रॅपर सुटतो. मग न पेटवताच एक झुरका घ्या, हवा सहज यावी पण थोडा अडसर लागावा. नाकाला गोठ्यासारखा अमोनिया झोंबला तर पान अजून पुरतं मुरलेलं नाही, काही महिने ठेवून द्या.
पेटवताना ज्योत टेकवायची नाही, लांबूनच फिरवत शेकायचं. मेणबत्ती आणि पेट्रोलचा लायटर नको, वास उतरतो. मिनिटाला एकच झुरका, धूर गिळायचा नाही, तोंडात घोळवायचा आणि मधूनच थोडासा नाकातून सोडायचा, कारण चवीतलं खरं काम नाकच करतं. चांगली सिगार एकसुरी राहत नाही, सुरुवातीला मिरी, मध्यावर भाजलेले काजू, पुढे जायफळ असं बदलत जाते. परदेशी रिव्ह्यूत लेदर आणि सीडर असतं, त्यामागे धावू नका, आपल्या जिभेला जे ओळखीचं लागेल तेच वहीत लिहा. फक्त हुमण जेवून लगेच बसू नका, तासभर जाऊ द्या.
कडक म्हणजे भारी हे मला बिलकुल मान्य नाही. कडकपणा येतो लिजेरो पानातून, झाडाच्या वरच्या भागातलं, ऊन जास्त खाल्लेलं. सौम्य सिगारसुद्धा अव्वल असू शकते. आणि राखेचा रंग मातीतल्या क्षारांवर जातो, प्रतीवर नाही. राख इंचभर घट्ट टिकली तर बांधणी चांगली एवढंच समजा.

पेडण्याची_वाट
वरच्या दोघांनी छान लिहिलंय. एक राहिलं, कीड. रॅपरला टाचणीएवढं भोक आणि बॉक्सच्या तळाला पिठासारखी भुकटी दिसली तर तंबाखूची अळी लागलीय. २५ डिग्रीच्या वर अंडी फुटायला लागतात आणि आपल्याकडे तर बहुतेक वेळ त्याच्या वरच असतं. साठवायला फ्रीज नकोच, पण कीड मारायला झिपलॉकमध्ये बंद करून तीन-चार दिवस फ्रीजरला, मग एक दिवस खालच्या फ्रीजमध्ये, मग बाहेर. एकदम बाहेर काढलं तर रॅपर तडकतो.
पुढे विकत घ्यायची झाली तर किनाऱ्यावरच्या दुकानांत जपून. एकाने मला काचेच्या झाकणाच्या पेटीतली कोहिबा (क्युबाचा नामांकित ब्रँड) दाखवली, मी तसाच परत आलो, कारण खरी कोहिबा तशा पेटीत येतच नाही. क्युबन पेटीवर हिरवट वॉरंटी सील असतं, तळाला 'हेचो एन कुबा' (क्युबात बनवलेलं) डागलेलं असतं आणि फॅक्टरीचा कोड, महिना, वर्ष. इथे रीतसर आलेल्या मालावर ८५ टक्के जागेत चित्रासकट इशाराही हवा.
आणि भाऊ, धूर छातीत घेत नाही म्हणून धोका नाही असं समजू नका. तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर सिगारनेही होतो. सणासुदीला एखादी, तीही अंगणात, घरात पोरं असतील तर आत नकोच.

डिचोलीकर_८१
सगळ्यांचे मनापासून आभार. बॉक्स कपाटातच होता, भिंतीला लागून, आणि ती भिंत दर पावसात ओल धरते. आता एकेक दाबून बघितली, सगळ्या फुगलेल्या आहेत पण मऊ जागा किंवा गाठ कुठेच नाही, भोकंही नाहीत. दोन सिगारच्या रॅपरवर मात्र पांढरी लव दिसते. पुसून चालेल का?

कुळागर_फोंडा
ती बुरशी. नुसती रॅपरवर असेल तर कोरड्या मऊ फडक्याने पुसा आणि त्या दोन वेगळ्या डब्यात ठेवा. पेटवायच्या टोकावर, भरणात दिसली तर सरळ फेकून द्या, मामांना वाईट वाटलं तरी. बाकीच्या वाचतील. पाऊच आजच मागवा, गणपतीपर्यंत ओढण्यालायक होतील.