मदत हवी आहे: लिम्फोमा झालेल्या कुत्र्याला विकतचं कच्चं कीटो फूड द्यावं का? (केमो चालू आहे)

नमस्कार मंडळी,

आमचा गुंड्या, गोल्डन रिट्रीव्हर, ९ वर्षांचा, वजन ३१ किलो. आम्ही डॅलसजवळ राहतो. दीड महिन्यापूर्वी त्याला आंघोळ घालताना जबड्याखाली दोन्हीकडे सुपारीएवढ्या गाठी हाताला लागल्या, मग मागच्या पायांच्या गुडघ्यांमागेही सापडल्या, तपासणीत बी-सेल लिम्फोमा (पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) निघाला. चॉप प्रोटोकॉलने केमो चालू आहे (चार औषधं, त्यातलं एक प्रेडनिसोन), गाठी जवळजवळ विरघळल्यात, भूक उत्तम आहे, सकाळी दारापाशी पट्टा तोंडात धरून उभा असतो. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय की हा आजार मुळापासून जाणारा नाही, केमोने साधारण वर्षभर चांगलं जातं. ते वर्ष त्याला जितकं चांगलं देता येईल तितकं द्यायचंय, म्हणून हे सगळं विचारतोय.

पार्कमध्ये भेटणाऱ्या एका काकांनी फ्रोझन कच्च्या कीटो फूडबद्दल सांगितलं, बीफ, काळीज, किडनी, भरपूर चरबी, कार्ब्ज जवळजवळ शून्य. मी त्याच रात्री एक पूर्ण खोका मागवला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मला त्या प्रकारच्या खाण्याबद्दलच विचारायचंय. हे खाणं सुचवणाऱ्यांचं म्हणणं असं की कॅन्सरच्या पेशी साखरेवर जगतात, कार्ब्ज बंद केले की त्या उपाशी मरतात. आता ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकातच दाखवलं होतं की ट्यूमरच्या पेशी ग्लुकोज खूप जास्त वापरतात, तेवढं खरंच आहे. पण कार्ब्ज बंद केले तरी कुत्र्याचं लिव्हर प्रोटीनपासून लागेल तेवढं ग्लुकोज बनवतं, म्हणजे रक्तातली साखर काही थांबत नाही, मग गाठ उपाशी राहणार कशी हे मला कोणी समजावून सांगितलेलं नाही. आणि माणसांच्या मानाने कुत्रे कीटोसिसमध्ये (शरीर साखरेऐवजी चरबी जाळून कीटोन बनवतं ती अवस्था) सहजासहजी जात नाहीत, चरबी वाढवून वर एकूण कॅलरीही कमी कराव्या लागतात. केमो चालू असलेल्या कुत्र्याचं वजन मी मुद्दाम कमी करू का?

खोका आल्यावर मात्र कागद-पेन घेऊन बसलो. पाउचवर लिहिलंय: प्रोटीन किमान १४%, फॅट किमान २३%, फायबर जास्तीत जास्त १%, पाणी जास्तीत जास्त ५८%. राख (म्हणजे खनिजं) ३% धरली तर कार्ब्ज उरतात १%. प्रोटीन आणि कार्ब्जला ग्रॅममागे साडेतीन आणि फॅटला साडेआठ कॅलरी या हिशोबाने १०० ग्रॅममध्ये २४८ कॅलरी होतात, त्यातल्या ७९% फॅटमधून. गुंड्याचं रोजचं कोरडं खाणं आहे २५% प्रोटीन आणि १५% फॅटवालं. नुसते आकडे शेजारी ठेवले तर वाटतं २३ आणि १५ मध्ये असा काय मोठा फरक, पण एकात पाणी ५८% आणि दुसऱ्यात १०%, त्यामुळे कॅलरीवर आणून बघावं लागतं: हजार कॅलरीमागे जुन्या खाण्यात ४३ ग्रॅम फॅट, यात ९३. दुपटीहून जास्त! आणि यातला २३ हा 'किमान' आकडा आहे, प्रत्यक्षात २८ ही असू शकेल.

आता प्रमाण. पाउचवर लिहिलंय वजनाच्या २.५% द्या, म्हणजे रोज ७७५ ग्रॅम, म्हणजे १९०० च्या वर कॅलरी. गुंड्या सध्या १३०० वर वजन टिकवून आहे. (विश्रांतीची गरज काढायचं सूत्र: वजनाचा ०.७५ घात गुणिले ७०, त्याचं येतं ९२०, त्यावर हालचालीचं धरायचं.) म्हणजे पाउचवरचं ऐकलं असतं तर जवळजवळ दीडपट खाणं गेलं असतं, तेही एवढ्या चरबीचं. पॅन्क्रिएटायटिसची (स्वादुपिंडाला सूज येण्याची) भीती मला याचीच वाटते.

सगळ्यात जास्त चरका बसला तो मागच्या बाजूला बारकोडखालची ओळ वाचून. अक्षरं इतकी बारीक की फोनने फोटो काढून मोठी करावी लागली. अमेरिकेत आफ्कोच्या (पेट फूडचे निकष ठरवणारी संस्था) निकषांप्रमाणे खाणं 'पूर्ण आणि संतुलित' आहे की नाही ते लिहावं लागतं, आणि यावर लिहिलंय 'फक्त अधूनमधून किंवा पूरक खाणं म्हणून'. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात रोज किती द्यायचं त्याचा तक्ता आणि मागे हे.

अभ्यासांबद्दल. ऑस्टिनजवळ कीटोपेट सँक्च्युअरी म्हणून होतं, कॅन्सर झालेले शेल्टरमधले कुत्रे आणून त्यांना कच्चं कीटो खाणं द्यायचे. तिथल्या कुत्र्यांचे व्हिडिओ बघून मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत रडलोय. पण सोबत बाकीचे उपचारही असायचे, मग गुण नेमका कशाचा ते कसं कळणार. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीचा २००० सालचा लिम्फोमाच्या ३२ कुत्र्यांवरचा अभ्यास सगळे कीटोचा पुरावा म्हणून पुढे करतात, पण त्यात फिश ऑइल आणि आर्जिनिन (प्रोटीनमधला एक घटक) तपासलं होतं, सोबत डॉक्सोरुबिसिन केमो होतीच, आणि खाण्यात कच्चं काहीच नव्हतं. कीटोने कुत्र्यांच्या फिट्स कमी होतात असंही कोणी लिहील म्हणून सांगतो, लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०१५ मध्ये २१ कुत्र्यांवर केलेला अभ्यास एमसीटी तेल (एका खास प्रकारची चरबी) घातलेल्या तयार खाण्यावर होता, हा प्रकार वेगळा.

'कच्चं' हा तर वेगळाच घोर. केमोनंतर साधारण आठवड्याने त्याच्या पांढऱ्या पेशी खाली जातात, तेव्हा साधा जंतूही महागात पडू शकतो. एफडीएने (अमेरिकेचं अन्न-औषध खातं) २०१० ते २०१२ मध्ये कच्च्या पेट फूडचे १९६ नमुने तपासले तेव्हा १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया सापडला होता. २०२४ च्या डिसेंबरमध्ये ओरेगॉनमध्ये कच्च्या फ्रोझन खाण्यातून बर्ड फ्लू होऊन मांजर गेलं. फ्रीझरमध्ये जंतू मरत नाहीत, नुसते थांबून राहतात. आणि कुत्रा स्वतः ठणठणीत दिसत असतानाही त्याच्या शीमधून साल्मोनेला बाहेर पडत राहतो. आमच्याकडे १४ महिन्यांची मुलगी आहे, रांगते, गुंड्याचा बाऊल तिचं आवडतं खेळणं.

आणि साताऱ्याहून आई आलीये, ७४ वर्षांची, पूर्ण शाकाहारी. फ्रीझरमध्ये तिच्या सोललेल्या मटारांशेजारी हे पाउच ठेवलेत, ती एक शब्द बोललेली नाही, फक्त मटार काढून दुसऱ्या खणात ठेवले. ती आली की गुंड्याला रोज दुपारी हाताने दहीभात भरवते, चार वर्षं हा नेम आहे. कार्ब्ज नकोत म्हणून मी परवा तो बंद केला, तर तो तिच्या ताटाशेजारी पायांवर हनुवटी टेकून बसून राहिला आणि आई पदर डोळ्यांना लावत आत गेली. ते बघवत नाही हो.

तर प्रश्न असे:

केमो चालू असताना कोणी कुत्र्याला कीटो दिलंय का, शिजवलेलं? रक्तातलं लिपेज (स्वादुपिंडाची तपासणी), ट्रायग्लिसराइड (चरबी) वगैरे किती दिवसांनी तपासलं? आमच्याच पाउचमधलं शिजवून दिलं तर चालेल का, की चरबी सुटून वर तरंगते आणि हिशोबच बदलतो? माणसांच्या मीटरवर कोणी कुत्र्याचे कीटोन मोजलेत का, आकडा किती आला? आणि इकडे पशुआहारातल्या बोर्ड सर्टिफाइड तज्ज्ञांचा ऑनलाइन सल्ला कोणी घेतला असेल तर अनुभव सांगा, खर्चही सांगा.

भारतातल्या मंडळींनीही लिहा, शिजवून चिकन-भात देणारे असाल तर कॅल्शियम, झिंक, व्हिटॅमिन ई कसं भागवता ते हवंय, कारण घरी करायचं ठरलं तर नुसतं मांस आणि भात पुरत नाही एवढं मला कळलंय.

अपडेट, रात्री ११: ज्यांनी कंपनीला विचारा म्हणून लिहिलं त्यांचे मनापासून आभार. मी ईमेलमध्ये चार गोष्टी विचारल्या होत्या: रेसिपी कोणी बनवली, प्रत्यक्ष तपासलेल्या बॅचचे आकडे, कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण, आणि जंतू मारायला हाय प्रेशर प्रोसेसिंग करता का. उत्तर आलं की रेसिपी संस्थापकांची आहे, प्रोसेसिंग फक्त चिकनवाल्या पाउचला करतात, बीफला नाही. कॅल्शियम-फॉस्फरसबद्दल 'हाडांचा चुरा घातलेला असल्याने काळजी नसावी'. आकडा एकही नाही.

@ज्यांनी "तज्ज्ञांचं ऐकून बसलात तर कुत्रा जाईल" असं लिहिलंय, तुमचा कुत्रा गेल्याचं दुःख मला कळतं, खरंच. पण आमच्या ऑन्कॉलॉजिस्ट बाईंना आज फोन केला तर त्यांनी कामाच्या गडबडीत वीस मिनिटं दिली. केमो संपेपर्यंत कच्चं अजिबात नको म्हणाल्या, कार्ब्ज कमी असलेलं शिजवलेलं खाणं हवं असेल तर हळूहळू, दहा-बारा दिवसांत बदला आणि फॅट एकदम वाढवू नका. फिश ऑइलचं प्रमाण त्या वजनावरून काढून देणार आहेत. दहीभाताचं विचारलं तर म्हणाल्या, दोन घास द्या की.

गुरुवारी पुढची केमो आहे, तेव्हा रक्त तपासणीसोबत लिपेज करायला सांगितलंय. शिजवलेल्या खाण्याबद्दल कोणाचा अनुभव असेल तर त्याआधी लिहा, व्यनि (खाजगी निरोप) केला तरी चालेल. अकरा पाउच न उघडलेले पडलेत, कंपनी परत घेत नाही म्हणतेय. केमो नसलेल्या कुत्र्यालाही द्यायला माझं मन होत नाही, तेव्हा कोणी मागू नका, प्लीज.