पसंतीक्रमाच्या मतदानात डावपेचाला जागा उरते का?

प्रश्न

पसंतीक्रमाने मतदान होत असेल, तर मन मारून मत देण्याची वेळ येत नाही, असे नेहमी सांगितले जाते. आवडता उमेदवार बाद झाला तरी मत दुसऱ्या पसंतीकडे जाते आणि खालच्या पसंतींमुळे पहिल्या पसंतीला धक्का लागत नाही, हे मला पटते. परंतु एका जागेसाठी तीन तुल्यबळ उमेदवार असतील, तर मनातला खरा क्रम लिहिणे हेच नेहमी मतदाराच्या हिताचे ठरते का?

प्रतिसाद १

नेहमी ठरत नाही. अडचण खालच्या पसंतींमध्ये नसून कोण आधी बाद होतो यात आहे. १०० मतदारांत पहिल्या पसंतीची मते अ यांना ३६, ब यांना २५ आणि क यांना ३९ मिळाली, असे धरा. कोणालाच निम्म्याहून अधिक मते नसल्याने सर्वांत कमी मतांचे ब बाद होतात. त्यांच्या मतांपैकी १७ अ यांच्याकडे व ८ क यांच्याकडे जातात आणि अ ५३ विरुद्ध ४७ असे निवडून येतात. क यांच्या सर्व समर्थकांची दुसरी पसंती ब आहे आणि अ त्यांना मुळीच नको आहेत. त्यांच्यापैकी फक्त ८ जणांनी ब यांना पहिली पसंती दिली असती, तर क ३१ मतांवर बाद झाले असते, ती मते ब यांना मिळाली असती आणि ब ६४ विरुद्ध ३६ असे जिंकले असते. म्हणजे आवडत्या उमेदवाराला खाली ढकलूनच या ८ जणांना नकोशा निकालातून सुटका मिळते.

प्रतिसाद २

हे केवळ कागदावरचे गणित नाही. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टन शहरात २००९ च्या महापौरपदाच्या निवडणुकीत पहिल्या पसंतीत कर्ट राइट आघाडीवर होते, तरी शेवटी बॉब किस निवडून आले. आधीच बाद झालेले अँडी मॉन्ट्रोल मात्र समोरासमोरच्या लढतीत या दोघांनाही हरवू शकले असते, हे मतपत्रिकांवरून दिसते. राइट शेवटच्या फेरीपर्यंत टिकल्याने, त्यांना पहिली आणि मॉन्ट्रोल यांना दुसरी पसंती देणाऱ्यांची दुसरी पसंती कधी मोजलीच गेली नाही. पुढच्याच वर्षी त्या शहराने ही पद्धत रद्द केली.

प्रश्नकर्ता

मग अशा वेळी डावपेचाने मत द्यावे, असा आपला सल्ला आहे का?

प्रतिसाद १

नाही, आणि हे मी आग्रहाने सांगतो. वरच्या उदाहरणात ब यांची १७ मते क यांच्याकडे आणि ८ अ यांच्याकडे वळणार असती, तर क ५६ विरुद्ध ४४ असे सहज जिंकले असते. त्याच ८ जणांनी डाव खेळला असता, तर हाती आलेला विजय त्यांनी स्वतःच घालवला असता. पहिल्या पसंतीचा अंदाज चाचण्यांतून थोडाफार येतो, पण बाद उमेदवाराची मते कोठे वळतील हे सांगणे त्याहून कठीण असते. बहुमताच्या साध्या मतदानात फक्त आघाडीचे दोघे ओळखले की पुरते. येथे बाद होण्याचा संपूर्ण क्रम ओळखावा लागतो.

प्रतिसाद ३

एक पुस्ती जोडतो. तीन किंवा अधिक उमेदवारांपैकी कोणीही जिंकू शकत असेल, निकालात चिठ्ठीसारखा योगायोग नसेल आणि एकाच मतदाराच्या मर्जीवर निकाल ठरत नसेल, तर क्रमावर आधारलेली प्रत्येक पद्धत कधी ना कधी डावपेचाला वाव देते, हे तत्त्वज्ञ ॲलन गिबर्ड यांनी १९७३ मध्ये आणि अर्थशास्त्रज्ञ मार्क सॅटरथ्वेट यांनी १९७५ मध्ये सिद्ध केले. म्हणून पद्धत निवडताना डाव शक्य आहे का, यापेक्षा तो सामान्य मतदाराला कितपत साधेल आणि फसल्यास किती महागात पडेल, हे तपासणे मला अधिक योग्य वाटते.