क्षीण म्हणून चुंबकीय क्षेत्र सोडून चालणार नाही

काही जण म्हणतात, तारा गुरुत्वाकर्षणानेच जन्मतो, त्यात चुंबकीय क्षेत्राचा हात नाही. ताऱ्यांमधल्या पोकळीतलं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या साधारण लाखाव्या हिश्शाएवढं, त्याचं काय घेऊन बसलात, असा त्यांचा सवाल. आकडा बरोबर, निष्कर्ष पटत नाही. तारे ज्या ढगातून जन्मतात त्यातला वायूही तितकाच विरळ आणि थंड, निरपेक्ष शून्याच्या जेमतेम १० अंश वर. तिथे चुंबकीय क्षेत्राचा एवढासा दाबही भारी पडतो. निव्वळ गुरुत्वाकर्षणाचं चाललं असतं तर आकाशगंगेत वर्षाला शेकडो सूर्यांइतकं वस्तुमान ताऱ्यांत गेलं असतं. प्रत्यक्षात एक-दोन सूर्यांइतकंच जातं. अर्थात सगळं श्रेय चुंबकत्वाचं नाही, वायूतली खळबळ आणि नवजात ताऱ्यांचे झोतही आहेतच.

मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. ढग आक्रसला की गिरकी वाढते, आणि ती वाढतच गेली तर वायू मध्यापर्यंत पोचणारच नाही. चुंबकीय रेषा आतल्या वायूला बाहेरच्या ढगाशी जखडतात आणि ही गिरकी बाहेर वाहून नेतात. म्हणजे अडवणारंही तेच, वाट करून देणारंही तेच!

आपल्या साताऱ्यातून हिवाळ्यात कासच्या रस्त्यावर अंधार गाठून मृग नक्षत्र बघाच. बाणाच्या तीन ताऱ्यांखाली जो अंधूक पुंजका दिसतो, तो साधारण १,३०० प्रकाशवर्षांवरचा तेजोमेघ. त्याच्या मागच्या ढगात चुंबकीय रेषा डमरूसारख्या मध्ये आवळलेल्या सापडल्या आहेत. वायूबरोबर त्याही आत ओढल्या गेल्या. धुळीचे लांबट कण रेषांना आडवे राहतात, त्यामुळे त्यांच्या ध्रुवीभूत (म्हणजे ज्याच्या लहरी मुख्यतः एकाच दिशेत कंप पावतात अशा) अवरक्त प्रकाशावरून हा नकाशा काढता येतो.