उधाण, भांग आणि ‘साडेचार मीटरच्या लाटा’

ऐरोलीकर: पावसाळ्यात दरवर्षी बातमी येते, ‘समुद्राला उधाण, साडेचार मीटरच्या लाटा उसळणार.’ इथे उधाण म्हणजे लाट, भरती की खवळलेलं पाणी? भूगोलात ‘उधाणाची भरती’ आणि ‘भांगाची भरती’ अशी जोडी आहे. त्यातला भांग बोलण्यात फारसा ऐकू येत नाही.

चेंदणीकर: उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचं. भांग अष्टमीच्या आसपासचा, तेव्हा सूर्य आणि चंद्र काटकोनात ओढतात. रूप पाहा: ‘भांगाची’, ‘भांगेची’ नव्हे. म्हणजे केसांच्या भांगासारखा हा ‘तो भांग’, प्यायची ती भांग वेगळी.

भांगात भरती कमी चढते एवढंच सांगितलं जातं, पण ओहोटीही कमीच उतरते. त्या दिवसांत वाशी-ऐरोलीकडे खाडीतला चिखल कमी उघडा पडतो. उधाणात उलट. पाणी खूप वर येतं आणि सहा-सव्वासहा तासांनी तितकंच खोल जातं.

बातमीतले साडेचार मीटर लाटेचे नाहीतच. ती भरतीच्या पाण्याची पातळी, सागरी नकाशाच्या शून्यापासून मोजलेली, आणि ते शून्य उधाणाच्या ओहोटीजवळ धरलेलं असतं. लाट वाऱ्याची, ती या पातळीवर आणखी चढते. वारा पडलेला असला तरी साडेचार मीटरची भरती येते आणि नाल्यांची तोंडं बुडतात. लोकांना लाटेची भीती घालून पाणी तुंबण्याची खरी सूचना आपण झाकून टाकतो.

वाशीकर: नौदलाच्या कामात उधाण-भांगाचा हा फरक जिवावर बेतलेला आहे. २० नोव्हेंबर १९४३ ला अमेरिकी मरीन, म्हणजे समुद्रातून किनाऱ्यावर उतरणारे सैनिक, पॅसिफिकमधल्या जपानच्या ताब्यातल्या तारावा बेटांवर उतरले, तो भांगाचा काळ होता आणि चंद्रही पृथ्वीपासून दूर होता. प्रवाळखडकावर होड्या तरंगण्याइतकं पाणी चढलंच नाही. साखळीपट्ट्यांची वाहनं खडकावरून सरपटत गेली, होड्या मात्र अडकल्या. शेकडो मीटर पाण्यातून गोळीबारात चालत जावं लागलं. तीन दिवसांच्या त्या लढाईत सुमारे हजार मरीन गेले.

पुढच्या वर्षी ६ जूनला दोस्त राष्ट्रांचं सैन्य फ्रान्समधल्या नॉर्मंडीत उतरलं, तेव्हा पौर्णिमेचं उधाण होतं. जर्मनांनी किनाऱ्यावर रोवलेले अडथळे दिसावेत म्हणून ओहोटीनंतर पाणी चढू लागताना उतरायचं ठरलं. त्यासाठीची भरतीची गणितं लिव्हरपूलजवळ भरतीचे अभ्यासक आर्थर डूडसन यांनी यंत्रावर केली होती.

ऐरोलीकर: मग ‘भांगाची ओहोटी’ म्हणणं बरोबर?

चेंदणीकर: अगदी बरोबर. कोकणात ओहोटीला ‘सुकती’ही म्हणतात, तेव्हा ‘भांगाची सुकती’सुद्धा चालेल. बातमीत मात्र ‘उधाणाची भरती, पातळी साडेचार मीटर’ असं लिहावं आणि लाटांची उंची वेगळ्या वाक्यात द्यावी. शिवाय मुंबईच्या अपोलो बंदरची भरतीची वेळ ठाण्याला जशीच्या तशी लावू नये, पाणी खाडीत आत पोहोचायला उशीर लागतो.